क्लीनर मारला आणि कॉम्प्युटर बिघडला: आत नेमकं काय झालं आणि परत जाग्यावर कसं आणायचं

गेल्या बेदाण्याच्या सीझनला सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानातनं सकाळी साडेनऊला फोन आला. "दादा, पट्टीच निघंना झालीय, प्रिंटर गेला वाटतंय, शेतकरी बाहेर थांबलेत, लवकर या." पट्टी म्हणजे शेतकऱ्याला द्यायचा मालाच्या विक्रीचा हिशेब. गेलो. प्रिंटर चांगला, केबल चांगली, कागद भरलेला, आणि स्क्रीनवर मोठ्या हिरव्या अक्षरात लिहिलेलं की तुमचा पीसी आता पूर्ण स्वच्छ आहे. दुकानाच्या अण्णांचा नातू आदल्या रात्री येऊन गेलेला, कॉम्प्युटर स्लो चालतोय म्हणून त्यानं नेटवरनं एक फुकटचा क्लीनर उतरवला, स्कॅन मारला, हजारावर एरर दाखवले आणि 'फिक्स ऑल' दाबून तो झोपायला गेला. त्याचा हेतू चांगलाच होता, आजोबांचं काम सोपं व्हावं एवढाच.

असले कॉल आता वाढलेत. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला, आणि ज्यांच्या मशीनला विंडोज ११ चालत नाही ते लोक जुनाच पीसी कसातरी पळवायला बघतात. मग 'एका क्लिकमध्ये पीसी फास्ट' असल्या जाहिराती डोळ्यासमोर येतात. म्हणून म्हटलं एकदा सगळं नीट लिहूनच काढावं, कारण बिघडलेला कॉम्प्युटर बहुतेक वेळा फॉरमॅट न मारता परत येतो, फक्त कुठली गोष्ट आधी करायची आणि कुठली नंतर हे माहीत पाहिजे.

क्लीनर साफ करतो ते नेमकं काय

क्लीनर म्हणजे कॉम्प्युटरमधल्या नको असलेल्या फायली आणि नोंदी शोधून उडवणारं सॉफ्टवेअर. त्याची दोन कामं असतात आणि ती एकमेकांपासून फार वेगळी आहेत, लोकांची गल्लत इथंच होते.

पहिलं काम फायली काढायचं. टेंप म्हणजे तात्पुरत्या फायलींच्या फोल्डरमधला पसारा, ब्राउझरनं साठवलेली चित्रं, रिसायकल बिन, जुन्या अपडेटचे उरलेसुरले तुकडे. यात बऱ्यापैकी खरा कचरा असतो आणि तो काढला की जागा मोकळी होते.

दुसरं काम म्हणजे रजिस्ट्री साफ करायचं, आणि सगळा घोळ बहुतेक वेळा इथं होतो. त्याच्या जोडीला हल्ली तिसरं एक काम आलंय, 'ऑप्टिमाइझ' किंवा 'बूस्ट' नावाचं, त्यात तो पाठीमागं चालणारे प्रोग्राम बंद करून टाकतो.

रजिस्ट्री म्हणजे शीतगृहाचं रजिस्टर

आपल्याकडं तासगाव-सांगली पट्ट्यात बेदाणा कोल्ड स्टोरेजला ठेवतात हे सगळ्यांना माहीत आहे. हजारो बॉक्स असतात, सगळे दिसायला एकसारखे. कुणाचा माल, कुठल्या चेंबरला, कितवा लॉट, कधी आला, कुणाला द्यायचा, हे सगळं ऑफिसातल्या रजिस्टरला. रजिस्टर आहे म्हणून हमाल सरळ जाऊन बरोबर तेवढेच बॉक्स काढून आणतो.

विंडोजची रजिस्ट्री म्हणजे असलंच रजिस्टर. वर्डची फाईल डबल क्लिक केली तर वर्डच का उघडायचं, प्रिंटर कुठला, फॉन्ट कुठं ठेवलेत, कुठल्या सॉफ्टवेअरचं लायसन्स आहे, चालू होताना काय काय सुरू करायचं, हे सगळं तिथं लिहिलेलं असतं. आधीच्या काळात प्रत्येक प्रोग्राम आपापली छोटी सेटिंगची फाईल ठेवायचा, विंडोज ९५ पासनं हे सगळं एका ठिकाणी आणायची पद्धत पक्की झाली. आज साध्या घरच्या कॉम्प्युटरच्या रजिस्ट्रीत लाखो नोंदी असतात.

आता समजा बाहेरचा एक माणूस आला, त्याला बेदाण्यातलं काही कळत नाही, आणि तो रजिस्टर चाळून म्हणाला की या ओळीपुढं सहा महिने काही लिहिलेलं नाही, म्हणजे ही जुनी, आणि ती ओळ खोडून टाकली. बॉक्स जागेवरच आहेत, बेदाणा खराब झालेला नाही, पण शेतकरी पावती घेऊन आला तर ऑफिसातला माणूस म्हणणार, तुमचा माल आमच्याकडं नाही. क्लीनरनं बिघडलेल्या कॉम्प्युटरचं बहुतेक वेळा असंच असतंय. प्रोग्राम हार्ड डिस्कवर आहे तसा आहे, फक्त त्याची नोंद गेलीय.

आणि फायदा किती म्हणाल तर, विंडोज काही शोधताना अख्खं रजिस्टर पहिल्या पानापासनं वाचत नाही. लॉट नंबर माहीत असला की सरळ त्या पानावर जातात ना, तसं ते थेट त्या नोंदीवर जातंय. लाखो नोंदीतल्या हजारभर जुन्या ओळी खोडल्या म्हणून ते पान लवकर उघडत नाही. मायक्रोसॉफ्टनं स्वतः एके काळी रेगक्लीन नावाचं असलं टूल काढलं होतं आणि नंतर मागं घेतलं, आणि आज त्यांचं सरळ धोरण आहे की रजिस्ट्री क्लीनर वापरायला आमचा पाठिंबा नाही, त्यानं बिघडलं तर विंडोज परत टाकायची पाळी येऊ शकते. ज्यांनी रजिस्टर बनवलं तेच म्हणतात खोडू नका, तर आपण का खोडायचं?

अण्णांच्या दुकानात काय काय सापडलं

प्रिंटर बंद पडला होता कारण 'प्रिंट स्पूलर' नावाची सर्व्हिस बूस्टवाल्या भागानं डिसेबल केली होती. सर्व्हिस म्हणजे खिडकी न उघडता पाठीमागं गपचूप चालणारा प्रोग्राम. स्पूलरचं काम म्हणजे छापायचे कागद रांगेत लावून एकेक प्रिंटरला देणं. रांग लावणारा माणूसच घरी पाठवला तर प्रिंटर कितीही चांगला असू दे, त्याच्यापर्यंत कागद जाणारच नाही.

ते दोन मिनिटांचं काम निघालं. स्टार्टला 'सर्व्हिसेस' टाइप केलं, यादीत प्रिंट स्पूलर शोधलं, डबल क्लिक, स्टार्टअप टाइप 'ऑटोमॅटिक', अप्लाय, आणि मग 'स्टार्ट'. प्रिंटर कुरकुरला आणि रात्रीपासनं अडकलेल्या तीन पट्ट्या एकदम बाहेर आल्या. बाहेरच्या शेतकऱ्यांची सोय झाली, मग बाकीचं बघायला निवांत बसलो.

बाकीचं म्हणजे मराठी टायपिंगचं जुनं सॉफ्टवेअर लायसन्स मागायला लागलेलं. जीएसटीला डिजिटल सही करायचं डीएससी टोकन (पेन ड्राइव्हसारखं असतं ते) लावलं तरी दिसंना, कारण त्याचा पाठीमागं चालणारा छोटा प्रोग्राम स्टार्टअपमधनं काढलेला. क्रोम सगळीकडनं लॉगआउट. आणि सगळ्यात वाईट म्हणजे डाउनलोड्स फोल्डर रिकामं. अण्णा बँकेची स्टेटमेंटं, कोल्ड स्टोरेजच्या पावत्या, सगळं डाउनलोड्समध्येच ठेवायचे, जसं आपण बहुतेक सगळे ठेवतो.

हे डाउनलोड्सचं फक्त बाहेरच्या क्लीनरपुरतं नाही बरं का. २०१८ च्या शेवटाला आलेल्या विंडोज १० च्या १८०९ व्हर्जनमध्ये विंडोजच्या स्वतःच्या डिस्क क्लीनअपच्या यादीत डाउनलोड्स फोल्डर आलं होतं आणि सगळ्यावर टिक मारायची सवय असलेल्या लोकांच्या फायली गेल्या. नंतर ते काढलं, पण आजही स्टोरेज सेन्सच्या, म्हणजे जागा आपोआप मोकळी करायच्या सोयीच्या, सेटिंगमध्ये डाउनलोड्स किती दिवसांनी उडवायचं असा पर्याय आहे, तो 'नेव्हर' वर आहे ना एकदा बघून घ्या.

आधी हात आवरा

बिघडलंय कळल्यावर माणूस घाबरतो आणि दुसरं काहीतरी उतरवतो. एका क्लीनरनं बिघडवलेलं दुसऱ्या क्लीनरनं दुरुस्त होत नाही, उलट दुसरा येऊन आणखी ओळी खोडतो आणि मग मूळ काय होतं हे कळायची वाट बंद होते. क्लीनर लगेच अनइन्स्टॉल पण करू नका, कारण त्यानं काय खोडलं याची पावती बहुतेक वेळा त्याच्याकडंच असते.

फायली गेल्या असतील तर त्या मशीनवर व्हिडिओ बघणं, काही उतरवणं, कॉपी करणं सगळं थांबवा. का ते पुढं सांगतो.

आणि एक, 'अमुक डीएलएल सापडत नाही' असा मेसेज आला म्हणून ती डीएलएल फुकट देणाऱ्या कुठल्यातरी साइटवरनं आणून टाकू नका. डीएलएल म्हणजे बऱ्याच प्रोग्रामांना मिळून वापरायचा कोडचा तुकडा. तो ज्या सॉफ्टवेअरचा आहे ते सॉफ्टवेअर परत इन्स्टॉल केलं की आपोआप येतो, अनोळखी ठिकाणचा आणला तर त्यात काय भरलंय कुणाला माहीत.

परत आणायची वाट

यात क्रम महत्त्वाचा. कमी त्रासाचा उपाय आधी, मोठा शेवटी.

पहिलं, क्लीनरचीच पावती शोधा. रजिस्ट्री साफ करायच्या आधी बरेच क्लीनर विचारतात 'बॅकअप घेऊ का?', तेव्हा 'येस' म्हटलं असेल तर डॉक्युमेंट्स फोल्डरमध्ये एक छोटी फाईल असते, तिच्या नावाच्या शेवटी टिंब आणि मग रेग असं असतं. सीक्लीनर नावाच्या क्लीनरची असेल तर नाव सीसी, अंडरस्कोअर आणि पुढं तारीख-वेळ असं असतंय, म्हणजे कुठल्या दिवशीची ते लगेच कळतं. तिच्यावर डबल क्लिक करा, परवानगी मागेल ती द्या, आणि रिस्टार्ट करा. खोडलेल्या ओळी परत रजिस्टरमध्ये लिहिल्या जातात. काही क्लीनरना आतच 'रेस्क्यू' किंवा 'रिस्टोर' नावाचं बटण असतं, तेही बघा. अण्णांच्या नातवानं नशिबानं येस केलं होतं आणि टायपिंगचं सॉफ्टवेअर एवढ्यानंच जागेवर आलं.

ते नसेल तर सिस्टीम रिस्टोर. ही विंडोजची स्वतःची सोय, ठराविक वेळी सिस्टीम फायली आणि रजिस्ट्री कशी होती त्याची एक प्रत ती ठेवते, तिला रिस्टोर पॉइंट म्हणतात. स्टार्टमध्ये 'क्रिएट अ रिस्टोर पॉइंट' टाइप करा, खिडकीत 'सिस्टीम रिस्टोर' बटण आहे, क्लीनर मारायच्या आधीची तारीख निवडा. तिथंच 'स्कॅन फॉर अ‍ॅफेक्टेड प्रोग्रॅम्स' म्हणून बटण आहे ते जरूर दाबा, मागं गेल्यावर कुठले प्रोग्राम जाणार आणि कुठले येणार ते ते सांगतं. तुमचे फोटो, वर्डच्या फायली याला हात लागत नाही. पण हे उलटंही लक्षात ठेवा, उडालेले फोटो यानं परतही येत नाहीत. आणि बऱ्याच मशीनला ही सोय बंदच असते, तिथं पॉइंटच सापडत नाही. पूर्वी विंडोज रजिस्ट्रीची आणखी एक प्रत रेगबॅक नावाच्या फोल्डरमध्ये आपोआप ठेवायचं, जुन्या व्हिडिओंमध्ये ती वापरायला सांगतात, पण विंडोज १० च्या १८०३ व्हर्जनपासनं ते बंद झालंय, तिथल्या फायली शून्य केबीच्या दिसतात. त्यात वेळ घालवू नका.

कॉम्प्युटर चालूच होत नसेल तर? विंडोज लागोपाठ दोन-तीनदा चालू होता होता अडकलं तर ते आपोआप दुरुस्तीच्या निळ्या स्क्रीनवर नेतं. विंडोज चालू होतंय पण काही करू देत नाही, तर शिफ्ट दाबून धरून रिस्टार्ट करा, तीच स्क्रीन येते. तिथं ट्रबलशूट, मग अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, तिथं सिस्टीम रिस्टोर पण आहे आणि सेफ मोडला जायची वाट पण आहे. सेफ मोड म्हणजे अगदी गरजेपुरत्या गोष्टी घेऊन चालू झालेलं विंडोज.

इथं एक सावधगिरी, आणि ही मी प्रत्येकाला सांगतोच. नवीन लॅपटॉप असेल तर डिस्क बिटलॉकरनं कुलूपबंद असण्याची शक्यता आहे आणि दुरुस्तीच्या स्क्रीनवर गेल्यावर तो ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतो. ती की बहुतेक वेळा तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटला साठवलेली असते, मोबाईलवरनं लॉगिन करून आधी बघून लिहून ठेवा आणि मगच पुढं जा. की नसताना आत अडकलेला माणूस मी बघितलाय, डोळ्यात पाणी होतं, मुलीच्या लग्नाचे फोटो होते त्यात.

एवढं करूनही विंडोजच्या स्वतःच्या गोष्टी चालत नसतील, सेटिंग उघडंना, स्टार्ट मेनू येईना, तर विंडोजच्या मूळ फायली तपासून घ्या. स्टार्टमध्ये सीएमडी टाइप करून 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' करा. काळी खिडकी येते. तिथं इंग्रजी अक्षरात डीआयएसएम, स्पेस, स्लॅश ऑनलाइन, स्पेस, स्लॅश क्लीनअप डॅश इमेज, स्पेस, स्लॅश रिस्टोरहेल्थ असं टाइप करून एंटर. स्लॅशच्या पुढचा शब्द त्याला चिकटूनच. हे मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवरनं चांगल्या प्रती आणतं म्हणून नेट चालू लागतंय आणि मध्येच टक्केवारी अडकल्यासारखी वाटते, बंद करू नका, चहा पिऊन या. ते झालं की एसएफसी, स्पेस, स्लॅश स्कॅननाऊ. पहिली कमांड विंडोजच्या मूळ फायलींच्या प्रतींचं गोदाम दुरुस्त करते, दुसरी त्या गोदामातला चांगला माल आणून खराब झालेल्या जागी लावते, म्हणून क्रम तोच ठेवायचा.

बरेच जण इथं थांबतात आणि म्हणतात, स्कॅननाऊ तर काहीच चूक नाही म्हणतंय, तरी माझं अकाउंटिंग उघडंना. बरोबर आहे, कारण ती फक्त विंडोजच्या फायली बघते. बाहेरच्या सॉफ्टवेअरच्या नोंदी गेल्यात की नाही हे तिला कळतच नाही. त्याच्यासाठी ते सॉफ्टवेअर 'रिपेअर' करायचं किंवा त्याच जागेवर वरनं परत इन्स्टॉल करायचं, मात्र आधी त्याच्या डेटा फोल्डरची कॉपी पेन ड्राइव्हला घेऊन, हे विसरायचं नाही. अनइन्स्टॉल करताना डेटा पण उडवू का असं विचारलं तर नको म्हणायचं.

त्यात कधी कधी वेगळाच अडथळा येतो, 'तुम्ही वापरू पाहताय ते नेटवर्कवर उपलब्ध नाही' अशा अर्थाचा इंग्रजी मेसेज आणि सॉफ्टवेअर ना निघतं ना बसतं. म्हणजे कुणीतरी जागा मोकळी करायच्या नादात विंडोजच्या आतलं 'इन्स्टॉलर' नावाचं लपलेलं फोल्डर साफ केलंय. बरीच सॉफ्टवेअरं बसताना आपल्या सेटअपची प्रत तिथं ठेवतात, पुढं काढायला, दुरुस्त करायला, अपडेट करायला तीच लागते. मग मूळ सेटअप फाईल शोधून तीच चालवायची, किंवा मायक्रोसॉफ्टचा प्रोग्राम इन्स्टॉल-अनइन्स्टॉलचा ट्रबलशूटर फुकट मिळतो तो चालवायचा.

नेटच चालत नसेल, वायफाय लागलेलं दिसतंय पण पान उघडत नाही, तर सेटिंगमध्ये नेटवर्कला जाऊन प्रॉक्सी (नेट मधल्या दुसऱ्या कॉम्प्युटरमार्फत न्यायची सेटिंग) बंद आहे का बघा आणि मग 'नेटवर्क रिसेट'. वायफायचा पासवर्ड परत टाकावा लागेल.

आणि अगदीच काही जमलं नाही तर. विंडोज ११ च्या नव्या व्हर्जनमध्ये रिकव्हरीच्या सेटिंगला 'फिक्स प्रॉब्लेम्स युझिंग विंडोज अपडेट' आहे, ते चालू असलेलं विंडोजच परत बसवतं आणि फायली, सॉफ्टवेअर, सेटिंग तसंच ठेवतं. विंडोज १० ला हेच काम मायक्रोसॉफ्टच्या साइटवरची आयएसओ फाईल (अख्खं विंडोज एका फाईलमध्ये) उतरवून आतला सेटअप चालवून होतं, 'कीप पर्सनल फाइल्स अँड अ‍ॅप्स' निवडायचं. 'रिसेट धिस पीसी' मात्र त्याच्याही नंतर, कारण 'कीप माय फाइल्स' निवडलं तरी बाहेरची सॉफ्टवेअरं सगळी जातात, काय काय गेलं याची यादी फक्त डेस्कटॉपवर ठेवून देतं. मराठी टायपिंग, अकाउंटिंग, डीएससी असलेल्या दुकानाला ते फार महागात पडतं.

गेलेल्या फायलींचं काय

आधी रिसायकल बिन. मग वनड्राइव्ह किंवा गुगल ड्राइव्ह चालू असेल तर त्यांचे स्वतःचे बिन, दोन्हीकडं उडवलेली फाईल साधारण ३० दिवस राहते, ते वेबसाइटवर जाऊन बघायचं.

तिथं नसेल तर पुन्हा शीतगृहाकडं या. साध्या हार्ड डिस्कवर फाईल डिलीट केली की बॉक्स जागेवरच असतो, फक्त रजिस्टरला लिहितात की ही जागा रिकामी समजा. नवीन माल त्या जागी येईपर्यंत जुना मिळू शकतो, म्हणून वर म्हटलं की मशीन वापरणं थांबवा. एसएसडीचं, म्हणजे फिरणाऱ्या चकतीऐवजी चिपवर साठवणाऱ्या वेगवान डिस्कचं, तसं नाही. तिथं विंडोज ट्रिम नावाची सूचना देतं आणि नोंद खोडली की थोड्या वेळात ती जागा आतनं खरंच रिकामी केली जाते, त्यामुळं एसएसडीवरनं परत मिळायची आशा बरीच कमी. आणि क्लीनरमध्ये 'वाइप फ्री स्पेस' वर टिक असली तर रिकाम्या जागेवर मुद्दाम दुसरं काहीतरी लिहून टाकलेलं असतं, मग कुणी कितीही पैसे मागितले तरी ते परत येत नाही, उगाच फसू नका.

हार्ड डिस्क असेल तर मायक्रोसॉफ्टचं 'विंडोज फाइल रिकव्हरी' किंवा 'फोटोरेक' ही दोन्ही फुकट आहेत. शक्यतो डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावून चालवायचं, आणि सापडलेल्या फायली त्याच डिस्कवर कधीच उतरवायच्या नाहीत, वेगळ्या ड्राइव्हवर. अण्णांची हार्ड डिस्क होती, बरंच मिळालं, पण कोल्ड स्टोरेजच्या काही पावत्यांच्या फायली उघडल्या तर आत नुसतीच मोकळी पानं. त्या शेवटी स्टोरेजवाल्याकडनं परत मागून घेतल्या, बँकेची स्टेटमेंटं नेट बँकिंगवरनं काढली.

ब्राउझरचं सोपं असतं. क्लीनरनं कुकी उडवल्या म्हणजे प्रत्येक साइटवर तुम्ही आत आलाय याची जी चिठ्ठी होती ती गेली, परत लॉगिन केलं की झालं. सेव्ह पासवर्डवर टिक असली तर पासवर्ड पण गेलेले असतात, पण क्रोमला गुगल अकाउंटनं सिंक चालू असेल तर दुसऱ्या फोनवर किंवा मशीनवर ते अजून आहेत का आधी बघा आणि मिळाले तर लिहून घ्या.

"पण माझा तर क्लीनर मारल्यावर फास्ट झाला की"

झाला असेल, खोटं कशाला म्हणू. सी ड्राइव्ह गळ्यापर्यंत भरलेला असला तर विंडोजला श्वास घ्यायला जागा नसते, दहा-वीस जीबी मोकळे झाले की फरक पडतोच. स्टार्टअपमधले सात-आठ प्रोग्राम बंद झाले की चालू लवकर होतो. आणि क्लीनरनं रिस्टार्ट करायला लावलं, जे महिनाभर कुणी केलं नव्हतं, त्यानंही पडतो. पण यातलं काहीही रजिस्ट्री साफ केल्यानं झालेलं नाही आणि हे सगळं विंडोजमध्ये आधीपासनं असलेल्या सोयींनी होतं. उलट 'प्रीफेच' (प्रोग्राम लवकर उघडावेत म्हणून विंडोजनं केलेल्या नोंदी) आणि फोटोंच्या छोट्या प्रतींची साठवण उडवली की पहिले काही दिवस प्रोग्राम आणि फोटोंची फोल्डरं आधीपेक्षा हळू उघडतात, कारण विंडोजला ते सगळं परत बनवावं लागतं.

जुना पीसी खरोखर हळू असायचं कारण बहुतेक वेळा साधी हार्ड डिस्क आणि चार जीबी रॅम हेच निघतं. एसएसडी टाकून दिली तर तोच पीसी ओळखू येत नाही.

"पण हे तर नावाजलेलं सॉफ्टवेअर आहे"

नावाजलेलं असून काय होऊ शकतं ते २०१७ ला दिसलं. सीक्लीनर जगभर करोडो लोक वापरायचे. त्या वर्षी ऑगस्टमध्ये त्याचं ५.३३ व्हर्जन आलं आणि हॅकरांनी कंपनीच्या आतच शिरून त्यात घातक कोड मिसळलेला होता. म्हणजे लोकांनी अधिकृत साइटवरनं, बरोबर सही असलेलं सॉफ्टवेअर उतरवलं आणि तरीही विषारी आलं. सप्टेंबरमध्ये हे उघड झालं तोवर साधारण २२ लाख ७० हजार मशीनवर ते पोचलं होतं. हॅकरांचं खरं लक्ष्य काही मोठ्या टेक कंपन्या होत्या, घरगुती लोकांचं नुकसान त्या मानानं कमी झालं. क्लीनरला कॉम्प्युटरमधल्या सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या द्याव्या लागतात, म्हणून त्यात काही गडबड झाली तर ती सगळ्या खोल्यांत पोचते.

"पण त्यानं तर हजार एरर दाखवले होते"

एरर शब्दाचा अर्थ त्याच्या दुकानात वेगळा आहे. एक कुकी म्हणजे एक एरर, एक जुनी नोंद म्हणजे एक एरर, असं मोजलं तर कालच नवीन विंडोज मारलेल्या मशीनलाही शेकड्यानं निघतात. अमेरिकेत तर याच्यावर सरकारी कारवाई झालीय. ऑफिस डेपो नावाच्या दुकानांच्या साखळीत पीसी तपासून द्यायचे, त्यासाठीचं सॉफ्टवेअर 'सपोर्ट डॉट कॉम' नावाच्या कंपनीचं. तपासायच्या आधी गिऱ्हाइकाला चार प्रश्न असायचे, मशीन स्लो आहे का, पॉपअप येतात का वगैरे, आणि यातल्या एकावर जरी टिक मारली तरी स्कॅन व्हायरसची लक्षणं दाखवायचा, मशीनमध्ये काही असो वा नसो. २०१९ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनशी तडजोड होऊन दोघांनी मिळून साडेतीन कोटी डॉलर भरले.

आपल्याकडं याचाच पुढचा प्रकार म्हणजे स्क्रीनवर मोठा आवाज करत आलेला इशारा आणि खाली फोन नंबर. त्या नंबरला फोन लावू नका, मायक्रोसॉफ्ट असा नंबर स्क्रीनवर दाखवत नाही. लावला असेल, एनीडेस्कसारखं लांबनं कॉम्प्युटर चालवू देणारं काही टाकून त्यांना आत घेतलं असेल, तर आधी नेट काढा, दुसऱ्या फोनवरनं बँकेला कळवा, आणि पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन करा. जितकं लवकर कराल तितकी पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त.

मग जागा कमी पडली तर करायचं काय

सेटिंग, सिस्टीम, स्टोरेज. तिथं टेंपररी फाइल्समध्ये काय किती जागा खातंय ते दाखवतं, एकेक वाचून टिक मारा, डाउनलोड्सला मारू नका. मोठं अपडेट नुकतंच झालं असेल तर जुन्या विंडोजची प्रत दिसेल, तिच्यावर मागं जायची सोय साधारण १० दिवस असते, नवीन नीट चालतंय अशी खात्री झाल्यावरच ती काढा. विंडोजच्या आतलं विनएसएक्सएस नावाचं फोल्डर दहा जीबी दिसलं तरी हातानं डिलीट करू नका, त्यातनंच अपडेट आणि दुरुस्ती होते. स्टार्टअपसाठी टास्क मॅनेजरमध्ये स्टार्टअपचा टॅब आहे, ओळखीचं आहे तेवढंच बंद करा, प्रिंटर, टोकन, टायपिंग यांना सोडून.

अण्णांच्या मशीनला त्या दिवशी शेवटी सी ड्राइव्हचं सिस्टीम प्रोटेक्शन, म्हणजे रिस्टोर पॉइंट ठेवायची सोय, चालू केलं, एक रिस्टोर पॉइंट बनवून ठेवला, आणि डाउनलोड्समधनं परत मिळालेलं सगळं डॉक्युमेंट्समध्ये 'पावत्या' नावाचं फोल्डर करून त्यात हलवलं. नातू पुण्याहून व्हिडिओ कॉलवर होता, क्लीनर त्यानंच स्वतः अनइन्स्टॉल केला. पुढच्या आठवड्यात एसएसडी बसवली, आता मशीन चालू होईपर्यंत अण्णांचा चष्मा पुसूनही होत नाही.